चौथं पिवळं कार्ड

ते खोटं मी तीनदा बोललो. एकदा कन्नडमध्ये, लगेच पुढच्या मिनिटाला मराठीत, आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा, विचारलं म्हणून. त्यामुळे तोंडातून चुकून निघून गेलं असं म्हणायची सोय मला उरलेली नाही. कन्नडमधलं एक वेळ घाबरून निघालं असेल. मराठीतलं मी समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघून बोललो.

संपादकांनी माझ्याकडे मागितलं होतं ते वेगळं. बेंगळूरच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात तुम्ही टीम मॅनेजर म्हणून बारा वर्षं काढलीत, खेळाडूंच्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं, असं ते म्हणाले. गमतीजमती आहेत, थोड्या लिहितोही. पण लिहायला बसलं की ते खोटं आधी येऊन बसतं. क्लबाला मी सगळं लेखी कळवलं आहे आणि कामही सोडलं आहे. माणसांची नावं तेवढी बदलली आहेत.

टीम मॅनेजर म्हटलं की लोकांना वाटतं, संघ हाच निवडत असणार. संघ कोच निवडतो. टीम मॅनेजर म्हणजे लग्नघरातला तो मामा, जो एकाही फोटोत नसतो, कारण फोटो निघत असताना तो आचाऱ्याशी बोलत असतो. बस किती वाजता, कोणाच्या पासपोर्टची मुदत संपत आली, समोरचा संघ कुठल्या रंगाची जर्सी घालणार, सामन्याआधी अकरा नावांचा कागद रेफ्रीच्या खोलीत वेळेत पोचला का. हे सगळं बिनबोभाट पार पडलं तर मी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात आलं, म्हणजे काहीतरी बिनसलं.

आमचा एक पंजाबी गोलकीपर होता, अंगापिंडाने दरवाजाएवढा. आईशी फोनवर बोलल्याशिवाय तो मैदानात उतरायचा नाही, आणि एकदा ग्लोव्हज चढवले की काढायचे नाहीत हाही त्याचा नेम. त्यामुळे दोन हंगाम मी टाचा उंचावून त्याच्या कानाला फोन धरून उभा राहिलो आहे. त्याची आई पुढे पुढे मलाही विचारायची, बेटा, तू जेवलास का. एकदा गुवाहाटीला जर्सीची पेटी विमानातून उतरलीच नाही. मी बाजारातून पांढरे टीशर्ट आणले आणि इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपने त्यांवर आकडे चिकटवले. उत्तरार्धात घामाने सात नंबरची वरची पट्टी सुटली आणि त्याचा एक झाला, म्हणजे गोलकीपरचा नंबर. रेफ्रीने मला बोलावून विचारलं, तुमचे गोलकीपर किती आहेत. तो सामना आम्ही जिंकलो. त्या दिवसाचा मला अजून अभिमान वाटतो, आणि तो वाटतो याची आता लाज वाटते.

नवा कोच येतो तेव्हा विमानतळावर हार घेऊन जायचं काम माझं. त्याला काढलं की फ्लॅटची किल्ली, गाडीची किल्ली आणि लॅपटॉप परत घ्यायचं कामही माझंच. बारा वर्षांत मी सात हार नेले आणि सहा वेळा किल्ल्या घेतल्या. त्यांतले चौघे हंगामाच्या मध्यातच गेले.

जयनगरला आमच्या गल्लीतले लोक मला नेहमी विचारतात की मध्येच कोच काढून काय होतं. खरं उत्तर साधं आहे. संघ हरत असतो. खेळाडू बदलता येत नाहीत, कारण नोंदणीची मुदत संपलेली असते. मालक स्वतःला बदलत नाही. उरतो एक माणूस. त्याला काढलं की दोन आठवडे खेळाडू जीव तोडून पळतात, कारण नव्या कोचच्या नजरेत भरायचं असतं. मग हळूहळू सगळं मूळ पदावर येतं. कधी येतही नाही, संघ खरंच सावरतो. आधीचा कोच राहिला असता तर काय झालं असतं हे कधीच कळत नाही, आणि ते कळत नाही म्हणूनच मालकांना हा निर्णय घ्यायला सोपा जातो. मी स्वतः नेहमी म्हणायचो, हंगाम संपेपर्यंत थांबा. मी हे म्हणायचो, हे लक्षात ठेवा.

सहावे कोच घाटगे. कोल्हापूरचे. पेठेच्या तालमीच्या संघातून खेळत वर आलेले, मग मुंबई, गोवा, कोलकाता करत इथे पोचलेले, साठीला टेकलेले गृहस्थ. हार घालताना मी मराठीत स्वागत केलं तर ते थबकलेच. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षं या बाजूला आहे. घरात मराठी बोलतो, पण ते बाहेरच्या माणसाला मराठी वाटेलच असं नाही. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "सर, स्वल्प थांबा, सामान आलं की निघू, सरी?" तर ते हसत म्हणाले, "मोहनराव, तुमचं मराठी म्हणजे बिसीबेळे भात. चव झकास आहे, पण आत काय काय घातलंय पत्ता लागत नाही."

संघात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. खेळाडू मिझोरम, मणिपूर, केरळ, पंजाबचे, दोघे परदेशी. त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे जणू वेगळी खोली होती. आनेकलजवळच्या सराव मैदानावरून परत येताना ते जुन्या सामन्यांची वर्णनं करायचे. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या पेठेच्या संघात डावीकडे कोण होता, पास कोणी दिला, पाऊस पडला होता का, सगळं. ते वही वापरायचे नाहीत. बाकीचे कोच टॅब घेऊन फिरत. हे कपाळावर बोट ठेवून म्हणत, इथं आहे सगळं. आणि खरंच असायचं. घाटगे सरांची ही एकच बढाई होती.

हंगाम मात्र वाईट निघाला. आमचा मुख्य स्ट्रायकर पहिल्याच आठवड्यात गुडघा धरून खाली बसला. आठ सामन्यांत दोन बरोबऱ्या, सहा हरलो. तक्त्यात तळाला. तळाला राहिलं की खालच्या लीगमध्ये उतरायचं, आणि उतरलेला क्लब मालक चालू ठेवतीलच असं नसतं. चेअरमन बांधकाम व्यवसायातले, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी घाटगे सरांना सांगितलं, पुढच्या दोन सामन्यांत एक विजय दाखवा, मग हंगाम संपेपर्यंत मी तुम्हाला हात लावत नाही. मला हे ठाऊक होतं, कारण त्या भेटीला कॉफी सांगायला मी होतो.

आता ते कार्ड. आमच्या लीगमध्ये एका खेळाडूला चार पिवळी कार्डं झाली की पुढच्या एका सामन्याला तो बाहेर. ही मोजणी ठेवणं टीम मॅनेजरचं काम. लीगकडून बाहेर बसणाऱ्यांची यादी येते, पण ती सोयीसाठी. उशिरा आली म्हणून सुटका नसते. आमचा मधल्या फळीतला सांगा नावाचा मिझो मुलगा, मोठा गुणी आणि तितकाच तापट, त्याची तीन झाली होती. माझ्या टेबलासमोर कागद होता, त्यावर त्याच्या नावापुढे तीन पिवळे ठिपके.

आठवा सामना आम्ही बाहेरगावी हरलो, तीन-एक. मी इथे चार-एक लिहिलं होतं. हा लेख छापायच्या आधी फोनवर वाचून दाखवला तेव्हा घाटगे सरांनी दुरुस्त केलं आणि चौथा गोल ऑफसाइड कसा ठरला तेही सांगितलं. शिट्टी वाजल्या वाजल्या मी बसमध्ये सामान चढवायला पळालो, कारण विमान गाठायचं होतं. मागे मैदानाच्या तोंडाशी सांगाने रेफ्रीकडे बघून टाळ्या वाजवल्या, उपहासाने, आणि पाठ फिरवून आत गेला. रेफ्रीने त्याच्या पाठीला पिवळं कार्ड दाखवलं. सांगाने ते पाहिलं नाही. कोच टीव्हीवाल्यांसमोर उभे होते, त्यांनी पाहिलं नाही. मी तर बसपाशी होतो.

पण ते कागदावर होतं. सामन्यानंतर दोन्ही संघांच्या मॅनेजरांनी रेफ्रीच्या खोलीत जाऊन अहवालावर सही करायची असते. गोल कोणाचे, बदली कोण आला, कार्डं कोणाला. मी गेलो, घड्याळाकडे बघत सही केली आणि निघालो. बारा वर्षांत असा न वाचता सही केलेला तो एकच कागद. निदान मला तसं वाटतं.

पुढचा सामना तीनच दिवसांनी, घरच्या मैदानावर. यादी आलेली नव्हती. सांगा खेळला. आम्ही जिंकलो, एक-शून्य, आणि पास सांगाचाच होता. हंगामातला पहिला विजय. घाटगे सर खेळाडूंच्या मिठ्या सोडवून माझ्याकडे आले, माझा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. त्यांची नोकरी वाचली होती हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

दोन दिवसांनी सकाळी सराव मैदानाच्या कँटीनमध्ये मी फोनवर पत्र उघडलं. निलंबित खेळाडू खेळवल्याबद्दल सामना रद्द. निकाल तीन-शून्य, आमच्या विरुद्ध. मला आधी वाटलं हे पत्र दुसऱ्या क्लबाचं चुकून इकडे आलं. मग सोबतचा अहवाल उघडला. सांगाचं नाव होतं, पिवळं कार्ड, शिट्टीनंतर. त्याखाली माझी सही होती, माझी नेहमीची, व्यवस्थित, शेवटच्या अक्षराची शेपटी ओढलेली. मी ती सही बोटांनी मोठी करून करून पाहत राहिलो. माझीच होती. माझ्यासमोरच्या ताटलीतली इडली कोणीतरी उचलून नेली तेही मला कळलं नाही.

दुपारी चेअरमनच्या ऑफिसात आम्ही तिघं. चेअरमन, घाटगे सर आणि मी. अहवालाची प्रत टेबलावर. घाटगे सर ती पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यांना हे कार्ड तिथे, त्या टेबलावर पहिल्यांदा दिसत होतं. चेअरमननी माझ्या सहीवर पेन टेकवलं. माझी सही आहे, म्हणजे मला माहीत होतं, एवढं त्यांनी गृहीत धरलं. मग कन्नडमध्ये शांतपणे विचारलं, "कोचिगे हेळिद्रा?" म्हणजे कोचना सांगितलं होतंत का.

इथे मी फक्त म्हणायला हवं होतं की मी वाचलंच नाही. एक वाक्य. माझं वय एक्कावन्न. या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही, आणि न वाचता सही करणारा टीम मॅनेजर पुन्हा कोणी ठेवणार नाही. हे सगळं त्या क्षणी मनात आलं असं सांगायला बरं वाटतं, पण तसं काही आलं नाही. मी फक्त म्हणालो, हो सर, बसमध्येच सांगितलं.

घाटगे सरांना कन्नड येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतायत?"

परत फिरायला तेवढी जागा होती. आमच्या भाषेत, चेअरमनना न कळता, मी त्यांना म्हणू शकलो असतो की घाबरलोय, सांभाळा. मी म्हणालो, "मी त्यांना म्हटलं, सांगाच्या कार्डचं मी तुम्हाला बसमध्ये सांगितलं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी रागाची वाट पाहत होतो. राग आला नाही. खिशात ठेवलेली वस्तू सापडत नाही तेव्हा माणसाचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला. कपाळावर बोट गेलं आणि तिथेच राहिलं. मग ते चेअरमनकडे वळून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, मोहनराव म्हणतात म्हणजे सांगितलं असणार. माझ्याच डोक्यातून गेलं. जबाबदारी माझी.

मी हादरलो. खोटं पचलं म्हणून नव्हे. मी त्यांना ते आल्यापासून एकही चुकीची वेळ, चुकीचं नाव, चुकीची माहिती दिली नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. माझा चोखपणाच खोटं बोलायच्या कामी आला.

घाटगे सर गेल्यावर चेअरमननी मला थांबवून घेतलं. हरणारा कोच मी समजू शकतो, ते म्हणाले, सांगूनही न ऐकणारा कोच मी ठेवू शकत नाही. तुम्हाला काय वाटतं? बारा वर्षं ज्यावरचं मत मी फुकट वाटत फिरत होतो तो प्रश्न पहिल्यांदाच मला अधिकृतपणे विचारला गेला. हंगाम संपेपर्यंत थांबा, हे तीन शब्द मला म्हणता आले नाहीत. कोच राहिले तर कधीतरी आम्ही दोघं पुन्हा त्या बसबद्दल बोलणार, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, सर, तुम्ही ठरवाल ते.

दुसऱ्या दिवशी मला निरोप आला की चार वाजता पत्रक निघेल, त्याआधी संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून कोचचं नाव काढा, खेळाडूंमध्ये चर्चा नको. चेअरमन स्वतः तीन वाजता त्यांना फोन करणार होते. चारला दहा कमी असताना मी नाव काढलं. चेअरमन एका बैठकीत अडकले होते आणि फोन झालाच नव्हता.

त्या वेळी घाटगे सर आनेकलच्या मैदानावर सरावासाठी शंकू मांडत होते. मी पन्नास पावलांवर पाण्याच्या क्रेटपाशी होतो. सगळ्यांच्या फोनवर एकदमच ओळ उमटली, मोहन यांनी घाटगे कोच यांना काढलं. त्यांनी फोन खिशातून काढून पाहिला, मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. सांगा आणि आणखी दोघे बूट बांधता बांधता तसेच राहिले. घाटगे सरांनी हातातला शंकू होता तिथे नीट ठेवला, शिट्टी गळ्यातून काढून सहायक कोचच्या हातात दिली आणि गेटकडे चालू लागले. मैदानाची पूर्ण लांबी होती ती. मी हललो नाही.

काही दिवसांनी जे. पी. नगरच्या फ्लॅटवर किल्ल्या घ्यायला गेलो. भांडी घासून पालथी घातलेली, गादीवरची चादर घडी करून ठेवलेली. किल्ल्या देताना त्यांनी विचारलं, "मोहनराव, तुम्ही मला ते सांगितलंत तेव्हा मी बसमध्ये कुठं बसलो होतो हो?"

ते नेहमी पुढे खिडकीपाशी बसत. मी म्हणालो, "पुढे. खिडकीजवळ."

"हां," ते म्हणाले. "मग असेल."

याच्यानंतरचं लिहायला मला सर्वांत जड जातं, कारण ते चांगलं घडलं. नवा कोच आला, मी हार नेला. संघ सावरला आणि शेवटच्या सामन्यात तळातून निसटला. सगळे म्हणाले, चेअरमननी वेळेवर निर्णय घेतला. वर्तमानपत्रांत तसंच आलं. जयनगरच्या आमच्या गल्लीतही तसंच. हंगाम संपल्यावरच्या जेवणात चेअरमननी माझ्या खांद्यावर हात ठेवला. निर्णय बरोबर ठरला होता, मग तो कशामुळे घेतला गेला याची चौकशी कोण करणार. मीसुद्धा करायची थांबवली. कोचची नोकरी ती, आज आहे उद्या नाही, त्यांना दुसरीकडे मिळेलच, असं स्वतःला सांगत दीड वर्ष गेलं.

यंदा उगादीच्या सणानंतर घाटगे सरांचा फोन आला. आवाज मोकळा, पूर्वीसारखा. "मोहनराव, तुमच्या गावात आलोय. तुमच्या जयनगरजवळच ते मेंदूचं मोठं हॉस्पिटल आहे ना, तिथं. मंडळी बरोबर आहे. तुमचं थोडं काम होतं." मी विचारलं, कोणाला बरं नाही. ते म्हणाले, मलाच.

हॉस्पिटलजवळच्या एका लॉजवर भेटलो. वहिनींना मी फोटोतच पाहिलं होतं. घाटगे सर चहा सांगायला खाली गेले तेव्हा वहिनी बोलल्या, हळू, भराभर. बेंगळूरहून घरी परतल्यापासून हे असं आहे, त्या म्हणाल्या. प्रत्येक गोष्ट वहीत लिहितात. गॅस बंद केला का ते तीनदा बघून येतात. सासूबाईंना विस्मरणाचा आजार होता, शेवटी मुलालाही ओळखत नव्हत्या, त्याचीच सुरुवात झाली असं धरून बसलेत. दोन क्लबांनी बोलावलं, गेले नाहीत. तालमीच्या पोरांनी घरी येऊन पाया पडून विनवलं, त्यांनाही नाही म्हणाले. "भावजी, तुम्हीच सांगा, काही विसरत नाहीत हो हे. मला लग्नातल्या साडीचा रंग आठवत नाही, यांना आठवतो. पण ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात, एवढी मोठी गोष्ट मोहनरावांनी सांगितली आणि माझ्या डोक्यात तिचा मागमूस नाही, मग बाकीच्यावर काय विश्वास ठेवायचा."

मला वाटत होतं मी त्या माणसाची नोकरी घेतली. मी काय घेतलं होतं ते ही बाई मला सांगत होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. तेवढ्यात घाटगे सर चहा घेऊन आले, मी काही बोललो नाही. तो चौथा गुन्हा धरा.

काम असं होतं. डॉक्टरांनी कामाच्या जागेचा एखादा माणूस घेऊन यायला सांगितलं होतं, ज्याने त्यांचं विसरणं स्वतः पाहिलं आहे. घाटगे सरांना दुसरं कोण आठवणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. रात्री बायकोला सगळं सांगितलं होतं. ती जयनगरच्या आमच्या घरात माझ्याकडे अशी बघत राहिली जशी मला पहिल्यांदाच बघतेय.

डॉक्टर तरुण होत्या, हिंदीत बोलत होत्या. चाचण्या सगळ्या चांगल्या आल्या आहेत, त्या म्हणाल्या. शब्द आठवायला दिले ते सगळे सांगितले, घड्याळ काढायला दिलं ते बरोबर काढलं. पण इतकी तल्लख स्मृती असलेल्या माणसाची सुरुवातीची घसरण चाचणीत पकडता येत नाही, म्हणून घडलेल्या गोष्टी विचाराव्या लागतात. त्यांनी फाइल उघडली आणि वाचून दाखवलं. कामाच्या ठिकाणी महत्त्वाची सूचना मिळाली, ती संपूर्ण विसरली गेली, परिणामी नोकरी गेली. रुग्णाला बसमध्ये पुढे खिडकीजवळ बसल्याचं आठवतं, सहकाऱ्याचे ओठ हलताना आठवतात, शब्द आठवत नाहीत.

ओठ हलताना आठवतात. मी कधीच हलवले नव्हते ते ओठ. दीड वर्ष त्या माणसाने डोक्यात ती बस उभी केली होती, त्यात मला बसवलं होतं आणि माझ्या तोंडून ते वाक्य काढायचा प्रयत्न करत होता.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. त्या दिवशी तुम्ही यांना नेमकं काय सांगितलंत, आणि यांनी त्यावर काय उत्तर दिलं, तेवढं आठवून सांगा. घाटगे सर मला धीर द्यावा तसं म्हणाले, "सांगा मोहनराव, जसं झालं तसं सांगा. मला वाईट वाटणार नाही."

मी उठून उभा राहिलो. वहिनींनी मला पाणी हवंय असं समजून बाटली पुढे केली. मी ती घेतली नाही. डॉक्टरांना हिंदीत एवढंच म्हणालो की फाइलमधली ही ओळ खोडा, ती खोटी आहे. मग घाटगे सरांकडे वळलो.

"कोच, मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. बसमध्ये नाही, विमानतळावर नाही, कुठेच नाही. मलाच माहीत नव्हतं. मी न वाचता सही केली होती, आणि माझी नोकरी जाईल म्हणून चेअरमनसमोर खोटं बोललो. मग तुमच्याशी बोललो. मग फ्लॅटवर पुन्हा बोललो. तुम्ही काहीही विसरला नव्हता. तुम्हाला आठवत नाही, कारण ते झालंच नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि मी तो ठेवू दिला. मला माफ करा, कोच. वहिनी, तुम्हीही मला माफ करा."